टपाची मागची काच

ता. २ मार्च १९४७
गाडी घरी आली. सातारच्या एका रिटायर साहेबाची, कापडी टपाची. टप दुमडला की गाडी मोकळी, उभारला की बंद. आष्ट्यात अशी दुसरी नाही. कऱ्हाडच्या पुढं टपाची मागची काच चौकटीसकट सुटून सीटवर पडली. फुटली नाही. माल अस्सल असल्याचं हेच लक्षण. टपाचं कापड जुनं झालंय, असं साहेबांचा ड्रायव्हर सांगत होता. मी लढाईभर मिलिटरीत, मोटार कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. मला तो काय सांगणार.
काच उद्या बसवणे. तासाभराचं काम.

ता. ५ मार्च
काल-परवा वेळ मिळाला नाही.
सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शनिवारी सांगलीला. नंतर आमच्याकडं आष्ट्याला राहणार. डॉक्टरांची सक्त ताकीद, घरी नेताना डोळ्यांना वारा लागू नये, धूळ तर मुळीच नको. मेहुणे नानासो म्हणाले, आमच्या कडेगावची छपराची बैलगाडी सांगलीतच ठेवतो, आईला सावकाश आणू. मी सगळ्यांसमक्ष सांगितलं की जावयाच्या दारात मोटार असताना सासू बैलगाडीतून येणार नाही. आमची बायको लीला काहीच बोलली नाही. आनंदानं.

ता. ६ मार्च
पंक्चरच्या सोल्युशननं काच चिकटवली. कापड आधी धुऊन वाळवायचं असतं, पण ते नवशिक्यांसाठी. सकाळभर काम एक नंबर. दुपारी काच घसरत घसरत खाली आली. दोष उन्हाचा.
लीला दाभण आणि सुतळी घेऊन आली. चारी बाजूंनी जाड कापडाची पट्टी लावून काच शिवून देते म्हणाली. तिला समजावलं की ही मोटार आहे, गोधडी नव्हे. ती दाभण सीटवर ठेवून आत गेली. त्यावर मी बसलो.

ता. ९ मार्च
काल ऑपरेशन नीट झालं म्हणे. मी जाऊ शकलो नाही, गाडीच्या कामात होतो.
डांबर लावलं. काच घट्ट बसली. शेजारच्या हरणाबाईंची कोंबडीसुद्धा. हरणाबाई दारात येऊन बरंच बोलल्या. कोंबडी ओढून काढताना काचही निघाली. पिसं राहिली.
लीलानं विचारलं, हे डांबर आईच्या लुगड्याला लागंल का. बायकांना मुख्य मुद्दा कधी दिसत नाही.

ता. १४ मार्च
चूक सापडली. मिलिटरीत कुणी काही चिकटवत नाही. रिव्हेट ठोकतात. चौकटीभोवती कापडाला अगदी जवळजवळ भोकं पाडली. जितके रिव्हेट जास्त तितकी पकड जास्त, साधा हिशेब. लीला म्हणाली, पोस्टाच्या तिकिटागत दिसतंय. कौतुक तिला जमत नाही, पण करते.
काच दोन्ही हातांनी ओढून पाहिली. जागची हलत नाही.
नानासोंना निरोप धाडला, बुधवारी सासूबाईंना न्यायला मी येतोय, बैलगाडी रिकामी जाऊ द्या.

ता. १९ मार्च, संध्याकाळ
शांतपणे लिहितो आहे.
सांगलीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. सासूबाईंना डोळ्यांच्या पट्टीसकट मागं बसवलं, शेजारी लीला. नानासो हट्टानं रिकामी बैलगाडी घेऊन आधीच आष्ट्याकडं निघाले होते. माळावर त्यांना गाठलं, हॉर्न देऊन मागं टाकलं. टपात वारा भरला. मागून लीलाचा आवाज आला. वेग आवडला असावा म्हणून आणखी वाढवला. मग तिनं मागून माझी कॉलरच धरली.
उतरून पाहिलं. एकही रिव्हेट निघाला नव्हता. काच चौकटीत जशीच्या तशी, चौकट कापडात घट्ट. फक्त तेवढं कापड भोकाभोकांवरून फाटून काचेसकट मागं रस्त्यात पडलं होतं. म्हणजे माझं काम टिकलं, टप टिकला नाही. हा फरक मी लीलाला समजावू लागलो.
ती धुळीनं पांढरीफटक झाली होती. सगळा पदर आईच्या तोंडावर धरलेला.
"आवं, काचंचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आईचं डोळं जातील. आदी ती गाडी बंद करा."
बंद केली. सासूबाई पट्टीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांच्याकडं मला बघवेना. धूळ फार होती.
मागून बैलगाडी आली. नानासो खाली उतरले. सासूबाईंना उचलून छपराखाली निजवलं. लीलाही तिकडंच बसली. मी पुढं निघणार तोच नानासो म्हणाले, पुढं गेलात तर धूळ उडंल. म्हणून आष्ट्यापर्यंत बैलांच्या मागून मोटार चालवली. रस्त्यातली माणसं थांबून पाहत होती. आष्ट्यात अशी गाडी दुसरी नाहीच.
जेवलो नाही. भूक नव्हती, एवढंच.

ता. २६ मार्च
आज डॉक्टरांनी सासूबाईंची पट्टी सोडली. डोळे शाबूत. राहणारच होते. आठवडाभर मी दोन वेळा देवाला गेलो, ते वेगळ्या कारणासाठी.
सासूबाईंनी आधी लीलाला पाहिलं, तोंडावरून हात फिरवला. मग नानासोंना. मग मला, जरा जास्त वेळ. नंतर हळूहळू दारापर्यंत आल्या आणि अंगणातल्या मोटारीकडं बघत राहिल्या. मी पुढं होऊन सांगितलं की निम्मी वाट तुम्ही हिच्यातूनच आलात.
"ह्येच्यातनं?" सासूबाई म्हणाल्या. "मग डोळं बांधलं हुतं, त्ये लय बरं झालं, जावाय."
लीला हसली. गाडी आल्यापासून पहिल्यांदाच.
याखेरीज आज लिहिण्याजोगं काही घडलं नाही.