गुरुवारचा फोन

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल उपवासकाळ सुरू झाला. आई आणि मी चर्चमधून कपाळाला राख लावून घरी आलो. बाबा या दिवसांत रोज जेवणाआधी पेपरातली एक दुःखाची बातमी वाचायचे आणि आपण त्या माणसासाठी मिनिटभर गप्प बसायचो, आठवतं ना? तू हळूच डोळा उघडून भाजी बघायचीस! यंदा आई म्हणते, पेपरातली माणसं फार लांबची वाटतात. ताई रुग्णवाहिकेचे फोन घेते, तिलाच विचार. तेव्हा दर आठवड्याला सात दुःखं पाठव, नावगाव नको. माझ्या शिलाई मशीनचा पट्टा तुटलाय आणि गिऱ्हाइकं जीव खातायत. बाकी ठीक.

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.
धाकटा

२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

यादी सोबत आहे. खरं सांगू? लिहिताना मला काहीच वाटलं नाही. दिवसाला साठ फोन. पत्ता, शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का, गाडी निघाली, पुढचा. पहिल्या वर्षी घरी येऊन रडायचे. आता चार घास खाते आणि आडवी होते. जगाच्या दुःखाला जागे राहा, असं परवा प्रवचनात ऐकलं. मी आठ तास जागीच असते रे, पण आतून सुन्न. तुम्ही दोघं गप्प बसाल तेव्हा माझ्या वाटचंही बसा.

पट्टा बदल, आळशा. आईला जप, माझ्यावरही लोभ ठेव.
ताई

१३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

या आठवड्याची यादी घाईत लिहिते आहे. सोमवारी भाजलेलं मूल. मंगळवारी जिन्यावरून पडलेला रंगारी. बुधवारी एक बाई, काही न बोलताच फोन ठेवला. काल गुरुवारी बस थांब्यावर एक म्हातारी कोसळली, मुलगा सोबत होता. गाडी अकरा मिनिटांत पोचली. मुलगा शांत होता, विचारलं तेवढंच बोलला. असे लोक कामाला बरे. बाकीचे तीन मागाहून पाठवते.

तुझं पत्र का नाही? लोभाला सुट्टी दिलीस की काय?
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो मुलगा मी होतो.

आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो, परक्या शहरात; तिथले फोनही तुमच्याकडेच येतात, हे माहीत नव्हतं. साखर उतरली आणि ती थांब्यावरच पडली. आता घरी आहे, बरी आहे, घाबरू नकोस. तुझा आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला. सांगणार होतो, पण तू आईला कुशीवर वळवायला सांगत होतीस. तू घाबरलीस तर पुढचं कोण सांगणार, म्हणून गप्प राहिलो. मला वाटलं, तू ओळखलं असशील, संध्याकाळी फोन करशील. आली ती यादी. मला राग आला ताई, फार राग आला. आता तोही नाही, नुसतं बधिर वाटतंय. यादी आईला वाचून दाखवली नाही. ती रोज विचारते.

लोभाचं काय लिहू, कळत नाही.
धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

साहेबांची परवानगी काढून त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं. पहिल्यांदा कामासारखंच ऐकलं. माझे प्रश्न बरोबर होते, एवढंच मनात आलं. त्याची आता लाज वाटते. दुसऱ्यांदा तुझा आवाज ओळखला. तिसऱ्यांदा मागे आई कण्हत होती ते ऐकू आलं. रडू आलं नाही, खोटं कशाला लिहू. जागेवर येऊन पुढचा फोन घेतला. कुणी बाप मुलीसाठी बोलत होता. त्याच्या पत्त्याच्या जागी मी आपल्याच घराचा पत्ता लिहिला, तेव्हा शेजारच्या बाईंनी कागद ओढून घेतला. मला घरी पाठवलं.

आठ दिवसांची रजा टाकली आहे. उद्या सकाळच्या गाडीने निघते. आईला तू काही सांगू नकोस. तिचा आवाज मी ओळखला नाही, हे मलाच सांगू दे.

रागाव, पण लोभ सोडू नकोस.
ताई