अकोल्याहून परत आलेली बाटली

लुडविग्सहाफेन,
३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाबा,

तुम्हाला आणि आईला सविनय जयभीम.

आम्ही दोघी इथे बऱ्या आहोत. थंडी यंदा लवकर पडली. अवनीचा बाजूचा एक दात पडला, तो तिने काडेपेटीत जपून ठेवलाय, आजोबांना दाखवायला. मी कामावर परत जायला लागले. लॅबमधले लोक चांगले आहेत, माझ्याशी हळू आवाजात बोलतात, त्यामुळे मला जास्तच त्रास होतो. तुम्ही हयातीचा दाखला दिलात का? मागच्या वर्षी बोटाचा ठसा उमटेना म्हणून तीन चकरा झाल्या होत्या. या वेळी संघर्षला सोबत न्या, लेक कशाला आहे? आणि एकटे गेलातच तर कारकुनाला भाषण देत बसू नका.

रोज फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. बाबा, हे आईला वाचून दाखवायच्या आधी एकदा एकट्याने वाचा.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की २६ तारखेला संविधान दिनाच्या कार्यक्रमात बोलायला बोलावलंय आणि तुम्ही इकेन्नाची गोष्ट सांगणार आहात. ‘जावयाची माणसं आफ्रिकेतून थाळी घेऊन आली आणि मी हात जोडून ती परत केली’, ही. आवाजात किती दिवसांनी जोर होता तुमच्या. मी ‘हो बाबा, सांगा’ म्हटलं. तेव्हापासून मला नीट जेवण गेलेलं नाही.

मला त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला तो पाठ आहे, पण तुम्हाला ठाऊक आहे तो अर्धाच आहे.

२०१३ चा डिसेंबर. इकेन्ना, त्याचे थोरले ओकाफोर काका आणि गावातले एक वडीलधारे असे तिघे नायजेरियाहून अकोल्याला आपल्या घरी आले. आईने मटणाचा रस्सा आणि भाकरी केली होती. काकांनी हाताने भाकरी मोडली तेव्हा आई स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “हे तं आपल्यासारखेच हायेत वं.” जेवणं झाली. इंग्रजी कळणारा संघर्ष बाहेर गाडीवाल्याशी बोलत होता. काकांनी थाळी पुढे केली. तिच्यात कोलाच्या झाडाच्या बिया, श्नाप्स या जर्मन दारूची एक बाटली आणि नोटांचं एक पाकीट. बाटली इकेन्नाने जर्मनीत ब्राउनश्वाइगला घेतली होती, आम्ही दोघं तिथे शिकत होतो तेव्हा.

तुम्ही उभे राहिलात. हात जोडलेत. म्हणालात, “आमच्यात मुलीचं मोल होत नाही. हुंडा मी देणार नाही, अन् हेही घेणार नाही. दारूला तर मी पंचशीलानुसार हात लावत नाही. मुलगी आनंदानं तुमची आहे.” मी ते इंग्रजीत सांगितलं. सगळंच्या सगळं.

मग काका बोलले. बराच वेळ बोलले, आठवतं? आणि मी तुम्हाला एका वाक्यात सांगितलं, “ते म्हणतात ही प्रेमाची भेट होती, पण तुमच्या तत्त्वाचा आम्ही मान ठेवतो.”

काका असं म्हणाले नव्हते, बाबा.

काका म्हणाले होते, “ही मुलीची किंमत नाही. बापाने हे स्वीकारलं की दोन घरं एकमेकांना बांधली जातात. नाही स्वीकारलं तर आमच्या लेखी लग्नच नाही. ती आमची सून नाही, आणि तिला मुलं झाली तर ती आमच्या घराची नाहीत, तिच्या बापाच्या घराची. त्यांना प्यायला नको सांगूस. नुसती ओठाला लावू दे. पाकिटातली एक नोट उचलून बाकीचं परत देऊ दे. आम्हीही पुष्कळदा तसंच करतो.”

मी हे गिळलं. काकांकडे वळून म्हणाले, “बाबा म्हणतात, घरं तर जोडली गेलीच.” त्यांनी एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. विचारलं, “सगळं सांगितलंस ना त्यांना?” मी म्हटलं, “सगळं.”

का केलं मी असं? मला वाटलं, जर्मनीत रजिस्टर लग्न होणार, कागद मिळणार, गावच्या चालीरीतींना कोण विचारतं. भीतीही होती. ‘मुलं आमच्या घराची नाहीत’ हे ऐकून तुमचा पारा चढला असता आणि लग्नच मोडलं असतं. पण खरं कारण सांगू? त्या वेळी तुम्ही मला फार मोठे दिसत होतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर ग्रीस पुसलेले ते हात जोडून तुम्ही उभे होतात, आणि मला त्या चित्रात कुणी काही हलवायला नको होतं. मी स्वतःवरच खूश होते. मला कुणी विकत घेतलं नव्हतं.

बाटली आम्ही परत घेऊन आलो. ती अकरा वर्षं इथल्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या खोलीत, सायकलींच्या मागे आहे. इकेन्नाला थोडं मराठी कळायला लागलं तसा त्याला संशय आला होताच. भारतात यायचं ठरलं की तो विचारायचा, “बाटली घेऊ या?” मी म्हणायचे, बाबांना समजावणं सोपं नाही. तो हसून म्हणायचा, “बरं तर, पुढच्या वर्षी.” या मे महिन्यात मात्र तो हसला नाही. म्हणाला, “मला काही झालं तर अवनी कुठे उभी राहील?” मी चिडले. म्हटलं, चाळीस वर्षांच्या माणसाला काय होतंय? ऑगस्टमध्ये त्याला काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी कॅन्टीनमध्ये खुर्चीवरून खाली आला, तो उठलाच नाही.

इथल्या कायद्याने सगळं माझ्या हातात होतं. मी बायको, माझी सही. इथेच दफन करते म्हटलं असतं तर मला कोणी अडवलं नसतं. पण त्याला गावी वडिलांच्या शेजारी जायचं होतं, ते तो नेहमी बोलायचा. मी सही केली आणि त्याला घेऊन आम्ही दोघी गेलो. फोनवर तुम्हाला सांगितलं की त्यांनी आम्हाला फार मानाने ठेवलं. ते खोटं नाही. मानानेच ठेवलं. पाहुण्यांना ठेवतात तसं.

त्या गावात माणूस गेला की त्या घराण्याच्या लेकी, लग्न होऊन गेलेल्या, बिनलग्नाच्या, सगळ्या येतात आणि अंगणात एकत्र बसतात. मेलेल्याची थोरली मुलगी त्यांच्या पुढे बसते. थोरल्या लेकीला त्यांच्यात ‘आडा’ म्हणतात. इकेन्ना अवनीला घरी याच नावाने हाक मारायचा. ती बिचारी हाक ऐकल्यासारखी सरळ जाऊन पुढे बसली. एका आत्याने तिला अगदी मायेने उठवलं आणि मांडवाखाली माझ्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर आणून बसवलं. अवनी जर्मनमध्ये म्हणाली, “ममा, इश बिन डोख कायन गास्ट.” मी पाहुणी थोडीच आहे, असं.

दफन शुक्रवारी होतं. गुरुवारी सकाळी घराण्यातल्या पुरुषांची बैठक झाली. इकेन्नाने तिथे चार खोल्यांचं घर बांधलंय, त्यातली एक अवनीसाठी पिवळी रंगवून घेतली होती. ते घर भावांकडे गेलं. जाऊ दे, मला ते नको होतं. आम्ही तिघं त्या खोलीत कधी झोपलोही नव्हतो. प्रश्न अवनीचा होता. बापाच्या खड्ड्यात पहिली मूठ माती तिने टाकायची की नाही. काका आमच्या बाजूने तासभर भांडले. त्यांनी अकोल्याचं घर सांगितलं, आईचा रस्सा सांगितला. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, “पोरी, त्यांनी मला एकच विचारलं. अकोल्याच्या त्या बापाने पेला ओठाला लावला का? मी खोटं कसं बोलू?”

हे लोक दुष्ट नाहीत, बाबा, हे मला तुम्हाला मुद्दाम लिहायचं आहे. सगळीकडे आता असं पाळतही नाहीत म्हणे. या गावात पाळतात. आणि काकांनी एक वाट काढलीही होती. माती पडायच्या आधी अजून होण्यासारखं होतं. “वडिलांना फोन लाव. त्यांनी एवढंच म्हणू दे की मी स्वीकारलं. त्यांच्या वतीने मी ओठाला लावतो. मग ही आमची लेक.” एवढंच. एक शब्द. काका समोर लहानसा पेला भरून उभे राहिले आणि मी तुम्हाला फोन लावला.

तो फोन तुम्हाला आठवत असेल. तुम्ही उचलताच म्हणालात, “माय, जेवलीस का?” मी म्हटलं, हो. आणि मी पुढचं बोलायच्या आधीच तुम्ही सांगायला लागलात. “काल विहारात शोकसभा ठेवली होती. दोनशे लोक आले. मी सर्वायले सांगतलं, जावयाचे काका थाळी घेऊन आले होते अन् मी हात जोडले. अन् जावयानं राग नाही धरला. सारे रडले, माय. असा जावई कोनाले भेटते?” आणि तुम्हीही रडायला लागलात. आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला रडताना ऐकलं.

त्यानंतर ‘स्वीकारलं म्हणा’ असं तुम्हाला सांगायचं धाडस मला झालं नाही. मी म्हटलं, “बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.” आणि फोन ठेवला.

आता जे लिहिते आहे ते मला लिहायचं नव्हतं.

काकांनी विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “नाही म्हणाले.”

त्यांनी पेला जमिनीवर ओतला आणि ते आत गेले. शुक्रवारी पहिली मूठ इकेन्नाच्या पुतणीने टाकली. अवनी माझ्या शेजारी उभी होती, तिने हातात माती घेऊन ठेवली होती. सगळं झाल्यावर तिला विचारलं, टाकायची का आता? ती म्हणाली, नको. ती माती तिने फ्रॉकला पुसली.

त्या गावात आता तुमचं नाव असं आहे, बाबा: मेलेल्या जावयासाठी, बाप गेलेल्या नातीसाठी एक शब्द न बोललेला माणूस. दोनदा विचारलं आणि दोनदा नाही म्हणाला. मी तुम्हाला असं करून आले. तुम्ही हो म्हणाला असता. तिथून निघाल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. अवनीसाठी तुम्ही शील, तत्त्व, सभा, सगळं क्षणभर बाजूला ठेवून हो म्हणाला असता, आणि वर काकांना दोन शब्द सुनावले असते. अकरा वर्षांत मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. दोन्ही वेळा तुमचं उत्तर मीच देऊन टाकलं.

आता काही करता येत नाही. मी काकांना पत्र लिहून खरं सांगितलं. त्यांचं उत्तर आलं, की तू सांगितलंस ते बरं केलंस, पण ज्याच्यासाठी मुलगी मागायची तो आता मातीखाली आहे. बाटली अजून केलरमध्येच आहे. काल मी खाली जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. टाकून देववत नाही, आणि वर आणून तरी काय करू?

माझं एकच मागणं आहे. २६ तारखेला ती गोष्ट सांगू नका. तुमची काही चूक नाही, तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते खरंच होतं. पण लोक टाळ्या वाजवतील आणि मला इथे त्या ऐकू येतील. हे वाचून तुम्ही माझा फोन उचलला नाहीत तरी मी समजेन. आईला मात्र उचलू द्या.

जर्मनीच्या कागदावर मी इकेन्ना ओकाफोरची विधवा आहे. तो जिथे पुरला आहे तिथे मी त्याची कोणी नाही, आणि अवनी तुमच्या घराची आहे. तिला नाकारू नका. तिला आता दुसरं घर नाही.

तुमची, तुमच्याच घरात राहिलेली मुलगी,
प्रिया यादवराव खंडारे