चार मिनिटं आणि दोन तास

१७ मार्च २०२५, सकाळी ६.१०
काल सांगलीच्या दवाखान्यातून घरी, आटपाडीला आलो. आजपासून रोजनिशी. तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, नोंदीची सवय आहे. आणि मेलेला माणूस परत आल्यावर नोंद नको?

नोंद : ९ मार्च. हार्ट बंद, दुपारी २.४०. चालू, २.४४. चार मिनिटं मी चक्क मेलेलो होतो. डॉक्टरनं स्वतः सांगितलं. त्या चार मिनिटांत काय दिसलं? खरं लिहायचं तर काहीच नाही. आठवेल हळूहळू.

संकल्प : हा पुनर्जन्म. राग बंद. मंगलवर ओरडायचं नाही. जेवताना ताट सरकवायचं नाही.

६.४०. चहात साखर नाही. डॉक्टरनं बंद केलीय म्हणे. संसार डॉक्टरशी केलाय का माझ्याशी? ओरडलो. जुन्या जन्माची सवय आहे. उद्यापासून.

१८ मार्च
चुलतभाऊ भाऊसो आला. तोंड पाडून बसला. पाडणारच. दवाखान्यात माझ्याबरोबर तोच होता. मंगलला मी नेलंच नव्हतं, म्हशीची धार कोण काढणार? २.४० ला आतून कुणीतरी गेले म्हणालं, ह्या गड्यानं लगेच गावात फोन लावला, हिंदुराव गेला. मग मोबाईलची बॅटरी खलास. मी परत आलोय हे गावाला कळायला पावणेपाच वाजले.

तेवढ्यात शेजारच्या बायडाकाकूनं मंगलचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र उतरवलं. मयत दारात यायच्या आधीच! ड्रायव्हर चढायच्या आत डबल बेल मारणारी बाई. चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्ससुद्धा लागला होता. भाऊसो म्हणाला, आमी काय मुद्दाम केलं का रं. फ्लेक्स काढून घरी आणलाय. युनिफॉर्ममधला फोटो झकास आलाय. जपून ठेवला.

मंगलचे हात अजून मोकळेच आहेत. गळाही. कासारीण शनिवारच्या बाजारात येते, म्हणून असेल.

२२ मार्च, शनिवार
बाजार झाला. मंगलनं मेथी आणली, बांगड्या नाहीत. विचारलं. म्हणाली, धार काढताना अडकत्यात. तेहेतीस वर्षं नाही अडकल्या! धक्क्यातून सावरली नाही बिचारी. मी गेलो म्हटल्यावर केवढा आकांत केला असेल. कसा केला ते एकदा सविस्तर विचारलं पाहिजे.

२३ मार्च
चौकात लोक थांबवून विचारतात, मेल्यावर काय दिसलं. काहीच नाही म्हणालो की तोंड वाकडं करून जातात. म्हणून कोंडीबाच्या हॉटेलात उजेड दिसला म्हणालो. कोंडीबानं चहा पाजला, साखरेचा. दुसऱ्या चहाला आमचे वडीलही दिसले, पांढऱ्या घोंगडीत.

३० मार्च, गुढीपाडवा
आता सगळं आठवलं. साक्षात म्हसवडचे सिद्धनाथ घोड्यावर होते. म्हणाले, माघारी फिर, मंगल हाक मारतीय. लिहिताना अंगावर काटा येतो, म्हणजे खरंच असणार.

मुलगी स्वप्ना सांगलीहून आली. तिला सांगितलं. म्हणाली, पप्पा, डॉक्टरनी शॉक दिला म्हणून आलात. हिला नर्सिंगला घातली तिथंच चुकलं. दिवसभर मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी गेलो की गप्प.

गुढी मंगलनं उभारली, तशीच मोकळ्या हातानं. सगळ्या आळीनं बघितलं. नवरा धडधाकट आणि बायको विधवेसारखी. माझी काय इज्जत राहिली?

५ एप्रिल
बायडाकाकूला गाठलं. विचारलं, मंगल किती रडली? आवं, सोडा की त्यो इषय, म्हणाली. सोडतोय होय! शेवटी म्हणाली, लय रडली, लय. पण सांगताना काकू बघत होती स्वतःच्या चपलेकडं. कोंडीबाची बायको म्हणाली, गप बसून होत्या. बरोबर आहे. दुःख खोल गेलं की आवाज फुटत नाही.

रात्री भाकरी करपलेली. ताट सरकवलं नाही, भिरकावलं. संकल्प सरकवण्याचा होता.

१२ एप्रिल
आयडिया! मंगलशी पुन्हा लग्न करायचं. म्हसवडला, सिद्धनाथाच्या देवळात. त्यांनीच परत पाठवलं ना? ३० तारखेला अक्षयतृतीया, मुहूर्त बघायला नको. चारचौघांत बांगड्या भरल्या, मंगळसूत्र घातलं की सगळ्यांची तोंडं बंद. पत्रिका व्हॉट्सॲपवर टाकली. फ्लेक्सचं काम भाऊसोकडं, फोटो तोच युनिफॉर्मचा.

मग मंगलला सांगितलं. म्हणाली, मला इच्यारलं का? मी म्हणालो, पहिल्या वेळी तरी कुठं विचारलं होतं, काय बिघडलं? तर हसली. खूप वेळ हसत होती. लक्षण चांगलं आहे.

२१ एप्रिल
मंगलनं म्हैस भावाकडं पाठवून दिली. म्हणाली, हितं धार काढायला कोण ऱ्हाणार न्हाई. म्हणजे लग्नानंतर मी फिरायला नेणार हे ओळखलं तर! हुशार आहे. गोव्याचं बघतो.

रोज मला कुकर लावायला शिकवते. तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक. नव्या संसारात दोघांनी मिळून करायचं, असं तिच्या मनात दिसतंय. दोनदा शिकलो. बास झालं.

२८ एप्रिल
बांगड्या मी स्वतः आणल्या. हिरव्या, डझनभर. कासारणीनं माप विचारलं. मला काय माहीत? अंदाजानं मोठं दे म्हणालो. ती आणि शेजारची भाजीवाली एकमेकींकडं बघून हसल्या. बायकांना नवऱ्यानं केलेलं कौतुक बघवत नाही.

२९ एप्रिल, संध्याकाळी ७.२०
आज मंगलला बसवून विचारलंच. मी गेल्याचा फोन आला तेव्हा काय केलंस? म्हटलं, लाजू नको.

म्हणाली, चहा गाळत होते. गरम हुता, पिऊन घेतला. मग बायका आल्या, बांगड्या फोडल्या, कोपऱ्यात बसवलं. दोन तास कुणी हाक मारली न्हाई. मी डोळं मिटून बसले. लय हलकं वाटलं. पावणेपाचला तुमी जित्ते असल्याचा फोन आला, तवा रडले. लय रडले. आनंदानं रडते म्हणून बायडाकाकूनं पेढं वाटलं.

म्हणजे रडली. शेवटी कबूल केलं. आनंदाश्रूच ते. आता शांत झोप लागेल.

३० एप्रिल, अक्षयतृतीया, सकाळी ६.१०
मंगल पहाटेच उठली. अंघोळ करून, पिशवी घेऊन दारात आली. म्हणाली, जाते. बायका घरातून निघताना येते म्हणतात. घाईत चुकली असेल. म्हसवडला पुढं जाऊन तयारी बघायची असेल. बांगड्या मात्र इथंच विसरली. मी घेऊन जातो.

११.३०, म्हसवड
साठ-सत्तर माणूस जमलंय. मंगल नाही. भाऊसोनं फ्लेक्स लावलाय. प्रेसवाल्यानं जुन्याच फाईलवर शुभविवाह टाकलाय. खाली शोकाकुल समस्त मित्रपरिवार तसंच राहिलंय. पाहुणे फोटो काढतायत.

१२.०५. स्वप्नाचा फोन. आई सांगलीला माझ्याकडं पोचली, वाट बघू नका. आता हितंच राहणार आहे. मी विचारलं, किती दिवस? तर फोन ठेवला. भाऊसोला सांगितलं, गाडी लेट आहे. माणसं जेवून गेली.

संध्याकाळी ६.४०, घरी
स्टँडवर जाऊन रजिस्टर बघून आलो. सकाळची सांगली गाडी वेळेवर सुटली होती.

बांगड्या माझ्याच हातात घालून बघितल्या. सहज गेल्या.

त्या चार मिनिटांत मला काहीही दिसलं नव्हतं. उजेड नाही, वडील नाहीत, सिद्धनाथ नाहीत. आज खरं लिहून ठेवतो. वाचणार कोण आहे?

चहा ठेवला. आज साखर बंद म्हणायला घरात कुणी नाही. सगळे डबे उघडून बघितले. साखर कुठं ठेवते माहीत नाही.