बांध वाचल्यानंतर केलेले मृत्युपत्र

मी, अलकनंदा नरेंद्र पिंपळखुटे, वय शहात्तर, राहणार किलकेनी, आयर्लंड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोके शाबूत आहे. माझ्या डॉक्टर मुलानेही ते कबूल केले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागात केलेले होते.

१. किलकेनीतील माझ्या नावचे घर मुलगा केदार आणि सून कीर्ती यांना समान हक्काने मिळावे. नरेंद्र गेल्यावर अमेरिकेहून मला इकडे बोलावताना कीर्ती एवढेच म्हणाली, "आई, उन्हाची खोली तुमची." या देशात ऊन किती पडते ते सोडा, तिचे उपकार मी विसरलेले नाही.

२. बचत नात ईशानीच्या शिक्षणासाठी. माझी पितळी हातोडीही तिलाच. फिलाडेल्फियाजवळच्या कारखान्यात आम्ही एका लष्करी मालवाहू हेलिकॉप्टरची पाती धातूऐवजी काचतंतूंची, म्हणजे फायबरग्लासची, केली. त्याला पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे पंखे असतात. पात्यावर हातोडी हलकेच ठोकायची. आवाज बद्द आला, तर आतले थर सुटलेत असे समजायचे. आमचे प्रमुख पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तुमचा कान चांगला आहे, थांबा इथेच." मी निवृत्तीपर्यंत थांबले. त्या भल्या माणसाने मला बाई म्हणून कधी बाजूला बसवले नाही.

३. वर्ध्याच्या घरातील माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ सतीश याला; तो माझ्याआधी गेल्यास त्याची नात उल्का हिला. याचे कारण लिहून ठेवणे भाग आहे.

सतीश सर्वोदयी विचारांचा शिक्षक. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना मी सुटीत घरी गेले आणि जेवताना नव्या पात्यांच्या प्रयोगांबद्दल कौतुकाने सांगू लागले. तो ताटावरून उठला. "ताई, त्यातून उतरणारी पोरं काय करायला उतरतात, तेही सांग ना." त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणे टाकले. आई गेल्याचेही मला शेजाऱ्यांकडून कळले, तेही तेरावे उलटल्यावर. म्हणून आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की माझ्या मरणाची खबर त्याला देऊ नये.

यंदा ऑगस्टमध्ये तो उल्काकडे उत्तर इंग्लंडात आला होता. अतिपावसाने गावावरच्या धरणाचा बांध खचला आणि घरे रिकामी करायला लावली. दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजला.

"ताई, सतीश बोलतोय."

मी फोन चांगल्या कानाला लावला.

"तुझं ते दोन पंख्यांचं आलंय. खडीची पोती बांधावर टाकतंय. जातं, पुन्हा घेऊन येतं."

मागचा धडधडाट मला ऐकू येत होता. "पाती काचतंतूंचीच असतील," मी म्हणाले.

"माझं मत बदललेलं नाही हं. ते युद्धावरही जातं."

"जातंच. मी कुठे नाही म्हणतेय?"

"पण उल्काचं घर बांधाच्या खालीच आहे गं," तो म्हणाला.

बांध वाचला. मी तिकडे गेले. सतीशने स्वतः पोहे केले आणि समोर बसून म्हणाला, "आता सांग, पाती कशी बनवायचात?" मी सांगितले. मग आईचे शेवटचे दिवस त्याने मला सांगितले, काही न गाळता. माझ्या मृत्यूची खबर सर्वांत आधी सतीशला द्यावी.

४. अस्थी इथल्या नोअर नदीत सोडाव्यात. परवानगी लागत असल्यास केदारने ती आधी मागावी, नंतर नव्हे. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच.

५. ज्या कामाने मला मान दिला, त्याच कामाने कुणाची पोरे घरी आणली आणि कुणाची घरे उजाडली. दोन्ही खरे आहे. तरी मला जे मिळाले त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. माझ्या रागाला वारस नाही. तो मी स्वतःच संपवला आहे.

सही: अलकनंदा न. पिंपळखुटे

आम्ही दोघांनी एकाच वेळी, त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. नोरा फेलन, शेजारीण (इंग्रजी प्रत वाचून "ग्रँड" म्हणाली)
२. नितेश मुळावकर, केदारचा सहकारी

किलकेनी, १९ ऑक्टोबर २०१९