तन्वीचे नऊशे ग्राम

नल्लकुंटा, हैदराबाद
गुरुवार

उदगीरकर घराण्याचे कर्ते हणमंतराव भावजी यांना थोरल्या वहिनीचा नमस्कार पोचावा. गुडघे कसे आहेत? (मनापासून विचारतेय, पण उत्तर एका ओळीत द्या. मागच्या खेपेला नुसत्या डाव्या गुडघ्याचीच दोन पानं आली होती.) मी ठणठणीत. शाळा चौथीतच सुटली, तवा अक्षर लावून वाचा.

तर बातमी अशी, की आपल्या तन्वीचं वजन नऊशे ग्राम वाढलं. तेवढं सोनं सापडलं असतं तरी मी एवढी ताठ चालले नसते. जन्मताना श्वास अडकून तिच्या मेंदूला लागलं, तवापासून हातपाय ऐकत नाहीत आणि जीभ-गळाही ऐकत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सहा वर्षांची नात आणि वजन साडेदहा किलो, त्यातही दिवाळीपासून घटायला लागली. घासागणिक ठसका, महिन्याला छातीत कफ. डॉक्टर म्हणाले, दीड महिना बघू, नाही वाढलं तर पोटाला नळी बसवून खाऊ घालू.

आता तिला भरवत कोण होतं? मी. सुनेला, ज्योतीला, मी हात लावू देत नव्हते. तीन पोरं वाढवली मी, पायांवर उताणी घेऊन, बोंडल्यानं पातळ पेज तोंडात सोडून. (त्यातला एक आता दारातून तिरका होऊन शिरतो. तोच तन्वीचा बाप.) नातीलाही तसंच. दवाखान्यात जेवायला शिकवणारी एक थेरपीवाली आहे, केतकी, पुण्याची. (जेवणाचीही शिकवणी. पुण्याचे लोक कशाची लावतील नेम नाही.) ती म्हणाली, आजी, मान मागं टाकून चमचाभर पाणी पिऊन बघा. चमचाभर? मी सरळ बाकड्यावर उताणी झाले आणि भरलं बोंडलं घशात ओतलं. भावजी, पाणी नाकातून आलं, डोळ्यातून आलं, आणि कवळी उडून समोरच्या खानसाहेबांच्या मांडीवर पडली. माणूस खानदानी. रुमालात धरून परत दिली आणि म्हणाले, "अम्मा, आहिस्ते पियो ना." तन्वी खदखदून हसत होती. मी तिकडं ठसकत पडले होते आणि पहिल्यांदा कळलं, की या पोरीचं रोज तीन वेळा हेच होत होतं. बोलता येत नाही म्हणून तिनं सांगितलं नव्हतं, एवढंच.

मग मी सगळं फिरवलं. खुर्चीत ताठ बसवायची, पाय टेकलेले, हनुवटी जरा खाली. सुलतान बाजारातून जाड कापड आणून पट्टे मीच शिवले. (दुकानदार विचारतो, घोड्यासाठी का? म्हटलं, घोड्यावर बसणारीसाठी.) पेज बंद. आता घट्ट मऊ खिचडी, वर तूप, अर्धा अर्धा घास, आणि आधीचा गिळेपर्यंत थांबायचं. थांबायचं, भावजी, आणि मी! जिनं आग्रह करकरून तुमचे सोयरे पंगतीत आडवे केले, ती. जेवण पाऊण तास चालतं. तेवढ्यात मी तिला सगळ्या नातलगांची उणीदुणी सांगते. तुमची पाळी आली की ती आधी घास गिळते, मग हसते. माझ्याहून शहाणी.

काल डॉक्टरांनी काटा दोनदा पाहिला. मी म्हटलं, तिसऱ्यांदा बघा. नळी तूर्त टळली. (केतकी म्हणते, पुढं लागलीच तर नळी म्हणजे काही शिक्षा नव्हे. मला पटलंय, पण तिला तसं कळू दिलेलं नाही.)

तुमची वहिनी, नऊशे ग्रामांची मालकीण

ता. क. कामाचं राहिलंच. तुमच्या रोहनच्या लग्नात मी भर मांडवात म्हणाले होते, की ज्योती पोरीला उपाशी ठेवते म्हणून पोर वाळली. ज्योती तवा मठ्ठा वाढत होती. तिनं ऐकलं आणि पुढच्या पानावर गेली. त्या मांडवातल्या एकेकाला गाठून सांगा, की वहिनी खोटं बोलली, चूक वहिनीच्या पायांवर होत होती.

आणखी ता. क. यातलं ज्योतीला बिलकुल कळू देऊ नका. पत्र टाकायला लेकाकडंच देणार होते, पण त्याला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून ज्योतीकडं देतेय. पाकिटाला डिंक लावलेला नाही.