चोवीस इंची सायकल

आण्णा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, आणि इकडे बेंगळुरात एका सायकलच्या दुकानात विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. दुकानदार म्हणाला, "चलाना कहाँ है?" खोलीपासून वर्कशॉप बारा किलोमीटर, तिथं रोज जायचंय हे खरं. पण रविवारी सकाळी वाकड्या हॅन्डलच्या सायकली घेऊन जी पोरं शहराबाहेर सुसाट निघतात, त्यांच्यात घुसायचंय हेही खरं. बारीक टायर घेतला तर इथल्या खड्ड्यांत रोज पंक्चर, जाड घेतला तर त्या पोरांच्या मागं धापा टाकायच्या. मी म्हटलं, दोन्हीकडे चालवायची. तो म्हणाला, तुमच्या पैशात एकच काम नीट करणारी येईल, कुठलं ते ठरवा. ते काय मला ठरवता येईना. भलतंच तोंडातून निघून गेलं, कॅरियर बसेल का. तर पलीकडचं गिऱ्हाईकसुद्धा हसलं. असल्या सायकलीला कॅरियर नसतो म्हणे.

हा कॅरियरचा प्रश्न तुमचा. मी पाचवीत होतो, आपण फुलांच्या टेम्पोत बसून नाशकात गेलो होतो. मी एका छोट्या लाल सायकलीच्या घंटीवर हात ठेवून उभा आहे, आणि तुम्ही त्या काळ्या, मोठ्या माणसांच्या चोवीस इंचीचा कॅरियर दोन्ही हातांनी दाबून बघताय, मेथीची दोन पोती तोलेल का म्हणून. दुकानदार म्हणतो, "अहो, पोरासाठी ना?" तुम्ही म्हणता, "पोरासाठीच. पण पोरगं काय एवढंच ऱ्हानार हाय का?" आपल्याकडे सगळंच वाढत्या अंगाचं. शर्ट तसा, चप्पल तशी. चपलेत पुढं कापूस कोंबता येतो, सायकलीत काय कोंबणार? मला कोणी विचारलंच नाही, तुला कुठं चालवायचीय. विचारलं असतं तरी काय सांगितलं असतं, कोण जाणे.

वर्षभर मी दांडीखालून पाय घालून कैची मारत होतो. आणि सायकल उभीच हाय म्हणून पहाटे तुम्ही तिच्यावर झेंडू आणि मेथी लादून बाजारात जायला लागलात. पारावरची पोरं म्हणायची, "गाडी बापाला, पोराला नुसती घंटी." एका सकाळी आई भाकरी थापत होती, तुम्ही चुलीपुढं चहा पीत होता, आणि मी म्हटलं, "माझं नाव करून तुम्ही सोतासाठी गाडी घेतली." आईचा हात परातीतच थांबला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही चहा संपवलात, कप विसळलात. "बरं. तुझी हाय ना? मंग तुझीच."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही डोक्यावर गठ्ठा घेऊन टेम्पोसाठी रस्त्यापर्यंत चालत जायला लागलात. सायकल पडवीत, गोणपाटाखाली. आई म्हणायची, "आवो, लेकराचं काय मनावर घेता, न्या की." तुमचं एकच. "त्याची हाय ती. त्याचे पाय पुरले म्हंजी तो नेईल." हा राग होता, की खरंच तसं वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नाही. तुमच्या उंचीला ती सायकल बरोबर बसायची, हेही डोक्यातून जात नाही. मग तुम्ही गेलात. मी सातवीनंतर शाळेत नव्हतोच. पुढं नाशकात अंबडच्या कारखान्यात वेल्डिंग, मग सुरत, मग आणखी दोन-तीन गावं, मग हे बेंगळुरू. कुठं दोन वर्षं टिकलो नाही.

परवा दुकानात मी आपणहूनच सगळ्यात लहान सायकलीपाशी गेलो. जुनी होती, परवडणारी होती. दुकानदारानं मला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "ये छोटी पड़ेगी. आपको किसने बोला आप छोटे हो?" मापाची आहे ती महाग आहे, दिवाळीचा सगळा बोनस जाईल. रविवारपर्यंत त्यानं ती बाजूला ठेवलीय. लहान घेतली तर पाठ धरेल म्हणतो. मोठीकडं बघितलं की मला पडवीच दिसते, आणि मी बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसतो.

मी लहान आहे असं कोणी बोललं नव्हतं आण्णा. मीच बोलत होतो. तुम्ही जायच्या वर्षभर आधी, तुम्ही शेजारच्यांच्या ट्रॅक्टरवर कांदा घेऊन लासलगावला गेला होता त्या दिवशी, मी सायकल बाहेर काढली होती. दांडीवरून पाय टाकला. दोन्ही पाय पुरले. मळ्याला वळसा घालून आलो, एकदासुद्धा पडलो नाही. मग टायरची माती पुसली आणि होती तशी झाकून ठेवली. सांगितलं असतं तर दुसऱ्या पहाटेपासून मेथी माझ्या मागं लागली असती. तुम्ही आणखी वर्षभर चालत गेलात.

हे घरी पाठवायला आईच्या नावानं पाकीट आणलं होतं. पण तिला वाचता येत नाही, ती शेजारच्या पोरीकडून वाचून घेईल. आणि ती अजून सगळ्यांना सांगते, पोराचे पाय पुरायच्या आधीच त्याचा बाप गेला.