हाताला आलेला जोम

सोलापूर,
मंगळवार

ती. सुंदरम्माअक्कांना महेश्वरीचे शरणु शरणार्थी.

गेल्या सोमवारी पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, त्यामुळं टाकी, पिंप आणि दोन घागरी भरून, पुढचं अंगण धुऊन मी आठ वाजता भाकरीला बसले. (तुमचे गुडघे कसे आहेत ते आधी विचारायला हवं होतं. कसे आहेत? जिना चढू नका. आता पुढचं ऐका.) पहिलीच भाकरी गोल होईना. बत्तीस वर्षं थापते आहे, डोळे मिटून थापली तरी बिघडत नाही; ही मात्र एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटलेली. बघते तर दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं कामावरच आली नव्हती. आदल्या दिवशी मी यांच्या सायकलवर तुळजापूरला जाऊन आले होते, येऊन-जाऊन नव्वद किलोमीटर. येताना बोटं बधिर झाली ती झोपून उठले तरी तशीच. करंगळीला तव्याचा चटका बसला, तोही फोड दिसल्यावर कळला.

तेवढ्यात शेजारच्या मुक्ताबाई ताक मागायला आल्या. त्यांना म्हटलं, हाताला मुंग्या आल्यात. त्यावर त्या म्हणाल्या, "मग शनवारी वारुळाला साखर घाला की. मुंग्यांना गोड घातलं की लई फरक पडतोय." मी म्हटलं, बाई, माझ्या मुंग्या हाताच्या आत आहेत. मग त्या विचारात पडल्या आणि ताक विसरून गेल्या.

मग तुमचा फोन आला. तुम्हाला मी आपल्या घरच्या कानडी बोलीत सांगितलं, कै जोमु हिडदद. हात बधिर झालाय, बस्स, एवढंच. तुम्हाला बरोबर कळलं. पण तुमचा फोन स्पीकरवर होता आणि शेजारी ऋतुजा बसली होती. आपल्या रेवणप्पाची बायको गुणाची आहे, पण वेळापूरची. माझ्या दिराशी लग्न होऊन चार वर्षं झाली तरी तिचं कानडी "ऊटा आयता" म्हणजे जेवण झालं का, याच्या पुढं गेलेलं नाही. तिनं ऐकलं ते मराठी जोम. वहिनींच्या हाताला जोम आला! तिनं लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं, सोबत दंड फुगवलेल्या पैलवानाचं चित्र. अक्का, तेवीस जणांनी माझं अभिनंदन केलं. माझ्या सख्ख्या भावानं, बसवेशनं, "अशीच प्रगती होत राहो" असं लिहिलं. इकडं मला ब्लाउजचा हूक लागत नव्हता.

दुपारी तुम्ही खरं काय ते ग्रुपवर सांगितलंत. त्याबद्दल आभार मानायला मी बसलेच होते, तर खाली यांच्याबद्दल तुमचंच पुढचं वाक्य: "सिद्धरामचंही हातापासूनच सुरू झालं होतं." झालं. सकाळी पैलवान होते, तिन्हीसांजेला मला अर्धांग झाला. रेवणप्पानं वळसंगला एक कबुतरवाला शोधून ठेवला आहे, कारण अर्धांगावर कबुतराचं रक्त चोळतात म्हणे. त्याला सांगा, माझ्यासाठी एकाही कबुतरानं जीव द्यायचं कारण नाही. आणि येत्या रविवारी तो टेम्पो घेऊन सायकल न्यायला येणार आहे. मला विचारलं नाही. कळवलं. "वहिनी, त्या सायकलनं दादाला खाल्लं, आता तुमाला खायला लागली."

आता मी स्पष्टच लिहिते, वाईट वाटलं तर वाटू दे. सायकलनं कुणाला खाल्लेलं नाही. तुमच्या भावाचा डावा हात खांद्यापासून दुखत होता, दोन दिवस. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की सायकलमुळं दुखतोय. मी बाम चोळला. मन लावून चोळला. घाम आला तेव्हा पंखा लावला. त्यानंतर मी हृदयावरची आणि नसांवरची मिळतील ती पुस्तकं वाचनालयातून आणून वाचली (सातवी पास बाई ही पुस्तकं कशाला नेते म्हणून ग्रंथपाल चष्म्यावरून बघतात; बघू देत), त्यामुळं तो हात आणि हा हात यातला फरक मला आज कळतो. तीन वर्षं उशिरा कळतो. तो तुमच्यापैकी कुणी मला समजावून सांगू नये.

तरीही तुमच्या समाधानासाठी डॉक्टरांकडं गेले. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी काढला, तो ठीक आहे. डॉक्टरांनी कुठली बोटं ते विचारलं आणि तळहाताचा करंगळीकडचा गादीसारखा भाग दाबला. मी ओरडले. तिथून एक नस जाते. अंगाचा भार तासन्तास हँडलवर पडला, मनगट वाकलेलं राहिलं, की ती चेपते. दहा दिवस सायकल बंद, पुढं सायकल स्वतःच्या मापाची करून घ्या, मऊ हातमोजे घाला, दर थोड्या वेळानं हाताची जागा बदला. संपलं. कबुतराचा उल्लेख नाही.

मग प्रभु मिस्त्रीकडं गेले. त्यानं मला सायकलवर बसवलं, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काकू, पायडलला तुमचा नुसता अंगठा पोचतोय. अशानं तुमी सायकल चालवत न्हाय, हँडलला लोंबकळताय." सीट चार बोटं खाली घ्यायची, थोडी पुढं सरकवायची, हँडल वर घेऊन त्याचा मधला तुकडा आखूड टाकायचा. वीस मिनिटांचं काम, म्हणे. पाना हातात घेतलासुद्धा. सीटच्या दांडीवर जिथं यांनी आपल्या उंचीच्या मापाची पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली आहे, बरोबर तिथंच पाना लावायला निघाला. मी इतकी ओरडले की समोरचा चहावाला बाहेर आला. त्या रेघेला कुणी हात लावायचा नाही म्हणून सायकल ओढून घरी घेऊन आले. वीस मिनिटं! सांगायला काय जातं.

तुम्ही म्हणाल, या वयात एवढी सायकल चालवायचीच कशाला. अक्का, गल्लीतून चालत गेले तर लोक "बिचारी" म्हणतात. सायकलवर असले की तो शब्द पुरा होईपर्यंत मी पुढं गेलेली असते. एवढंच कारण आहे. ते घेऊन जायला टेम्पो कशाला लागतो?

मी कुणाकडं काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. कळावं म्हणून लिहिलं. औषध वेळेवर घ्या.

तुमची वहिनी,
महेश्वरी

ता. क. मागायचंच आहे. रेवणप्पा माझं ऐकत नाही, तुमच्यापुढं आवाज काढत नाही. रविवारी त्याला थांबवा. हे ग्रुपवर नको, त्याला समोर बसवून मराठीत सांगा, म्हणजे ऋतुजालाही कळेल.

आणखी ता. क. ग्रुपवरच्या त्या वाक्याचा मला राग आला, कारण मलाही पहिल्यांदा तेच आठवलं होतं. भाकरी बाजूला ठेवून मी आधी डावा हात खांद्यापर्यंत चाचपला. हे तुमच्यापाशीच ठेवा.

बुधवार. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी दुकान उघडायच्या आधीच प्रभुच्या पायरीवर जाऊन बसले, आणि सीट चार बोटं खाली घेतली.